सेगावचा लेख आणि जेरुसलेमचे पत्र

कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की वर्धेच्या पलीकडे आर्वी तालुका दिसतो. अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्हा, मधून नदी. आमचे हे गाव रुक्मिणीचे माहेर. इथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि ही परंपरा १५९४ पासून सांगितली जाते. तिचा पिता राजा भीष्मक याची राजधानी कुठे होती असे विचारले की गावातले म्हातारे टेकाडाकडे हात करतात. त्या टेकाडात उत्खनन झाले, फार जुन्या वस्तीच्या खुणा निघाल्या. भोवतालची शेते मात्र आज जे कसतात त्यांच्या नावावर आहेत. आठवण सगळ्या विदर्भाची, सातबारा कसणाऱ्याचा, आणि दोन्ही गोष्टी शेजारी नांदतात.

अरब आणि इस्रायली यांच्या भांडणाकडे मी याच घाटावरून पाहतो. निमित्त झाले संत्र्याचे. मोर्शीकडच्या एका बागेत शेतकऱ्यांचा घोळका नवी लागवड बघायला जमला होता. गादीवाफे, ठिबक, आणि नेहमीच्या सहा बाय सहा मीटरऐवजी सहा बाय तीनवर लावलेली झाडे. आमच्याकडे याला सरळ ‘इंडो-इस्रायल पद्धत’ म्हणतात. माहिती सांगून झाली, चहा आला, आणि एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, “काहो, पेपरात रोज येते थे गाझा-इस्रायलचं. थे जमीन मंग हाये तरी कोनाची?” मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितले आणि घरी येईपर्यंत मला त्याची लाज वाटत राहिली. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

संत्र्यापासूनच सुरुवात करू. जाफा हे भूमध्य समुद्रावरचे जुने अरब बंदर. तिथल्या अरब बागायतदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ‘शामूती’ जातीचे संत्रे वाढवले. लांबट फळ, जाड साल, बिया जवळजवळ नाहीत. आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा, त्याला लांबचा प्रवास सोसत नाही. शामूती मात्र लाकडी पेटीत कागदात गुंडाळून इंग्लंडपर्यंत धडधाकट पोचायचे. ‘जाफा’ हे नाव त्यामुळे युरोपच्या बाजारात गेले. पुढे ज्यू वसाहतकारांनीही बागा लावल्या. १९४८ च्या आधी या बागा साधारण निम्म्या अरबांच्या आणि निम्म्या ज्यूंच्या होत्या. पाणी, मजूर, बंदरावरची चढउतार, सगळ्यात दोघांचे हात गुंतलेले होते. त्या वर्षी जाफातले सत्तर हजारांच्या आसपासचे अरब परागंदा झाले, मागे चारेक हजार उरले. फळाचे नाव राहिले आणि ते इस्रायलच्या निर्यातीचे नाव झाले. ज्यांच्या आजोबांनी ते फळ वाढवले त्यांची नातवंडे गाझाच्या निर्वासित छावण्यांत जन्मली. या भांडणाचा सगळा पीळ मला या एका फळात दिसतो.

जमीन हातची गेली कशी, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पॅलेस्टाइनवर १५१७ पासून तुर्की सुलतानाची सत्ता होती. १८५८ मध्ये तुर्कांनी जमिनीचा कायदा करून नोंदणी सुरू केली. गावच्या शेतकऱ्याला वाटले, नाव लागले की कर लागेल आणि पोराला पलटणीत ओढून नेतील. त्याने नोंद टाळली किंवा शहरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर होऊ दिली. कसणारा एक आणि कागदावर दुसरा, असे झाले. बैरूतच्या सुरसोक घराण्यासारख्या बाहेर राहणाऱ्या जमीनदारांनी १९२० नंतरच्या दशकात मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातल्या जमिनी ज्यू संस्थांना विकल्या. व्यवहार कायदेशीर, पैसे चोख. पण पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे त्या खरेदीखताबरोबर गावाबाहेर निघाली. आपल्याकडे कूळकायदा आला, तिथे कसणाऱ्याला मालक करणारा असा कायदा आला नाही.

घेणारे कुठून आले, हेही तितकेच महत्त्वाचे. १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या आणि १८८२ पासून लोक पॅलेस्टाइनकडे येऊ लागले. थिओडोर हर्झलने १८९६ मध्ये ज्यूंच्या राष्ट्राचे पुस्तक लिहिले, १८९७ मध्ये बाझलला या विचाराच्या ज्यूंची पहिली परिषद भरली. युरोपात ज्यू कितीही शिकला, कितीही कमावता झाला तरी उपराच राहतो, या अनुभवातून ही चळवळ निघाली. ती साम्राज्याच्या लोभातून निघाली असे म्हणणाऱ्यांनी कत्तलींच्या नोंदी वाचलेल्या नसतात. जेरुसलेमची आठवण तर दोन हजार वर्षे त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होती. ती आठवण खरी होती. तिथे राहणारी माणसेही खरी होती.

या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये इंग्रज शिरले. पहिल्या महायुद्धात त्यांनी अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवली, फ्रेंचांशी गुपचूप वाटणी ठरवली, आणि २ नोव्हेंबर १९१७ ला परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांच्या पत्रातून ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर देऊ केले. त्या पत्रात तिथल्या बहुसंख्य अरबांचे नावही नाही, ‘सध्याच्या बिगरज्यू जमाती’ एवढाच त्यांचा उल्लेख आहे. मराठी वाचकाने इथे एक नाव लक्षात ठेवावे. ब्रिटिश मंत्रिमंडळात या जाहीरनाम्याला कडाडून विरोध करणारा माणूस स्वतः ज्यू होता, आणि तो होता भारतमंत्री एडविन माँटेग्यू. माँट-फर्ड सुधारणांमुळे आपण त्याला ओळखतो. त्याचे म्हणणे असे की ज्यूंसाठी एक देश ठरवला की बाकी सगळ्या देशांत ज्यू परका ठरेल, आणि त्या देशातला मूळ रहिवासीही परका ठरेल. त्याचे कुणी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९१८ ला, हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने भाले घेऊन जिंकले. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

इंग्रजांच्या १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाइनची लोकसंख्या साडेसात लाख होती आणि त्यात ज्यू सुमारे ८४ हजार, म्हणजे शेकडा अकरा. १९२९ मध्ये हेब्रॉनला ६७ ज्यूंची कत्तल झाली. १९३३ मध्ये हिटलर आला आणि आगबोटी भरभरून येऊ लागल्या. एकट्या १९३५ साली साठ हजारांवर माणसे उतरली. १९३६ ला अरबांचे बंड पेटले. १९३७ च्या पील आयोगाने पहिल्यांदा फाळणी सुचवली. आणि हा सगळा प्रश्न आमच्या नदीच्या खोऱ्यात आला.

गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेगावात राहत होते. त्या गावाला सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळाले. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे जिवलग मित्र हर्मन कॅलनबाख ज्यू होते. टॉलस्टॉय फार्मची जमीन त्यांनीच सत्याग्रहींना दिली होती. ते १९३७ आणि १९३९ असे दोनदा गांधीजींना भेटायला आले. १९३७ ची भेट तर ज्यू नेत्यांच्या सांगण्यावरूनच झाली. गांधीजींचा पाठिंबा मिळावा ही त्यांची इच्छा. मित्रप्रेम अपार, पण पाठिंबा मिळाला नाही. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारोंना छळछावण्यांत नेले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात, गांधीजींचा ज्यूंवरचा लेख आला.

त्या लेखात त्यांनी आधी सांगितले की माझी सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे. ख्रिस्ती जगाने त्यांना अस्पृश्यांसारखे वागवले आहे. पण सहानुभूतीपायी न्याय सोडता येत नाही. इंग्लंड जसे इंग्रजांचे तसे पॅलेस्टाइन अरबांचे, ज्यूंना तिथे राहायचे तर ब्रिटिश संगिनींच्या आधाराने नव्हे, अरबांचे मन जिंकून राहावे. आणि जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला.

जेरुसलेमहून २४ फेब्रुवारी १९३९ ला मार्टिन बूबर यांनी गांधीजींना लांबलचक पत्र लिहिले. बूबर हे तत्त्वज्ञ, वर्षभरापूर्वीच जर्मनी सोडून आलेले, हिब्रू विद्यापीठात शिकवणारे. ते अरबांचे वैरी मुळीच नव्हते. एकाच देशात दोन्ही लोकांनी बरोबरीने राहावे, यासाठी ते स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून झटत होते. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसाची आणि छळछावणीतल्या ज्यूची तुलना कशी करता, असे त्यांनी विचारले. ज्या मरणाला साक्षीदारच उरत नाही त्याचा सत्याग्रह कसा होणार? दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसाच्या पाठीशी हिंदुस्थान होता. ज्यूंच्या पाठीशी असे कोणते घर आहे? आणि जमिनीबद्दल त्यांचे सांगणे असे की इथे दोन हक्क समोरासमोर आहेत, एकाने दुसरा खोटा ठरत नाही, तेव्हा दोन्हींचा मेळ घालायचा मार्ग शोधला पाहिजे. दोन दिवसांनी हिब्रू विद्यापीठाचे अध्यक्ष ज्युडा मॅग्नेस यांनीही असेच पत्र लिहिले.

मी दोघांचे लिखाण पुन्हा पुन्हा वाचले आहे. जर्मनीबद्दल गांधीजी चुकले, हे मला स्पष्टच म्हणावे लागते. साठ लाख माणसे मारणाऱ्या यंत्रणेपुढे त्यांचा उपाय चालणारा नव्हता. पॅलेस्टाइनबद्दल मात्र त्यांनी नेमके बोट ठेवले. तिसऱ्याच्या बंदुकीच्या जोरावर मिळालेली जमीन कायम बंदुकीनेच राखावी लागते, हे त्यांनी प्रश्न पुरता पेटण्याआधी सांगितले. २१ जुलै १९४६ च्या ‘हरिजन’मध्येही ते त्याच मतावर ठाम होते आणि ज्यू संघटनांनी धरलेल्या दहशतीच्या वाटेचा त्यांनी उघड निषेध केला. दुसऱ्याच दिवशी जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात ज्यू संघटनेने घडवलेल्या स्फोटात ९१ माणसे मेली.

मग १९४७ आले. एकाच वर्षी त्याच साम्राज्याने दोन देश वाऱ्यावर सोडायचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान होते; भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली. २९ नोव्हेंबरला ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर झाली. भारताने विरोधात मत दिले. सावरकरांनी मात्र डिसेंबरात पत्रक काढून ज्यू राष्ट्राचे स्वागत केले. महाराष्ट्रात या प्रश्नावर तेव्हापासून दोन पंथ आहेत. लोकसंख्येत तिसरा हिस्सा असलेल्या ज्यूंना सुमारे ५५ टक्के जमीन मिळणार होती. त्यांनी योजना मान्य केली, अरबांनी नाकारली. ९ एप्रिल १९४८ ला दैर यासीन गावात शंभरावर अरब मारले गेले, चारच दिवसांनी हदासा इस्पितळाकडे जाणाऱ्या ताफ्यातले ७८ जण, बहुतेक ज्यू डॉक्टर आणि परिचारिका, मारले गेले. १४ मे ला इस्रायल जाहीर झाले, लगेच अरब सैन्ये आत घुसली आणि हरली. युद्ध थांबले तेव्हा ७८ टक्के भूमी इस्रायलकडे होती आणि सात लाखांवर पॅलेस्टिनी घराबाहेर होते. ते याला ‘नकबा’, म्हणजे अनर्थ, म्हणतात. घराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून निघालेल्या बायांच्या त्या किल्ल्या आजही छावण्यांत भिंतीवर टांगलेल्या असतात. संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्या परतीचा ठराव डिसेंबर १९४८ मध्ये केला, तो अमलात आला नाही. १९५० मध्ये इस्रायलने ‘गैरहजरांच्या मालमत्तेचा’ कायदा करून ती घरे-शेते सरकारजमा केली. जे देशातच होते पण शेजारच्या गावी पळाले होते, तेही कायद्याने गैरहजर ठरले. कब्जेदाराच्या रकान्यातून नाव उडणे म्हणजे काय, हे धरणात गाव गेलेल्या माणसाला विचारावे. त्याच काळात अरब देशांतल्या ज्यूंवरही घरे सोडण्याची वेळ आली. पुढच्या काही दशकांत आठ लाखांवर लोक बगदाद, सना, कैरो सोडून गेले, बहुसंख्य इस्रायलला. दोन्ही बाजूंच्या विस्थापितांची बेरीज केल्याशिवाय या प्रश्नाचा हिशेब लागत नाही.

या हिशेबात मराठी माणसेही आहेत. कोकणातले बेने इस्रायल सांगतात की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडले. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे, घरी मराठी, सणाला मलिदा, देवाच्या गोष्टींचे कीर्तनही मराठीत. महाराष्ट्रात त्यांना कधी कुणी ज्यू म्हणून मारले नाही. तरी १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे वर्णावरून डावलले जाण्याचा अनुभव त्यांना आला. १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवला धरणे धरले आणि भारतात परत पाठवा म्हणून हट्ट धरला. काही जण परतलेही. धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली तेव्हा १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेमला ठिय्या दिला आणि संसदेकडून आपण पूर्ण ज्यू असल्याचा ठराव करून घेतला. सत्याग्रहाची ही रीत ते कुठून घेऊन गेले, ते सांगायला नको. आज दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद, रामला इथे ते आहेत आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक तिथून निघत आले आहे.

यातल्या लोद आणि रामला या गावांपाशी मी नेहमी थांबतो. जुलै १९४८ पर्यंत ती अरबांची गावे होती. इस्रायली सैन्याने तिथून पन्नास ते सत्तर हजार माणसे बाहेर काढली, त्यांतली बरीचशी भर उन्हात पायी. त्यांच्या मोकळ्या गावांत बाहेरून आलेले ज्यू वसवले गेले आणि पुढे त्यांत अलिबाग-पेणकडचे मराठी लोकही आले. त्यांनी कुणाला हाकलले नव्हते. पण अंगण कुणाचे तरी होते.

पुढची युद्धे थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी मूळ प्रश्न हलवला नाही. १९५६ मध्ये सुवेझचे युद्ध. १९७३ मध्ये इजिप्त-सीरियाचा हल्ला. १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात स्वतः जेरुसलेमला गेले, १९७९ मध्ये इजिप्तशी तह झाला, १९८१ मध्ये सादात यांना त्यांच्याच सैनिकांनी मारले. १९८२ मध्ये इस्रायलची लेबनॉनवर चढाई आणि तिथल्या सबरा आणि शातिला छावण्यांतली कत्तल.

१९६७ मात्र वेगळे. जूनच्या सहा दिवसांत इस्रायलने वेस्ट बँक, गाझा, पूर्व जेरुसलेम, गोलान आणि सिनाई घेतले. माझ्या मते आजचा प्रश्न १९४८ पेक्षा १९६७ मध्ये जास्त अडकला आहे. १९४८ ची जखम कदाचित भरली असती, जशा फाळणीच्या कितीतरी जखमांवर खपली धरली. पण १९६७ नंतर लाखो माणसे नागरिकत्वाशिवाय, मताशिवाय, लष्करी हुकमाखाली राहिली आणि त्यांच्या शेतांवर वसाहती उभ्या राहू लागल्या. १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यात ओस्लोचा करार झाला तेव्हा वेस्ट बँकेत एक लाखाच्या थोडे वर वसाहतकार होते, आज पूर्व जेरुसलेम सोडून पाच लाखांवर आहेत. वाटणीची बोलणी चालू ठेवायची आणि वाटायची जमीन खात राहायची, याला तडजोड म्हणत नाहीत. दुसऱ्या बाजूने बस आणि बाजारांतल्या आत्मघाती स्फोटांनी सामान्य इस्रायली माणसाचा समेटावरचा विश्वास जाळला. समेट करणारे पंतप्रधान राबिन यांना ४ नोव्हेंबर १९९५ ला एका ज्यू माथेफिरूने मारले. सादात असोत की राबिन, दोघांनाही आपल्याच माणसाने मारले.

भारताने १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला. पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ ला जोडले ते रामटेकचे माजी खासदार, पंतप्रधान नरसिंह राव यांनी. मोदी २०१७ मध्ये इस्रायलला आणि २०१८ मध्ये पॅलेस्टिनींच्या रामल्लाला गेले. ठिबक आपण घ्यावे, शस्त्रेही देश घेतो. त्यापायी न्यायाबद्दल गप्प बसण्याचे कारण नाही.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशे ओलीस नेले. नाचायला जमलेली तरुण मुले, न्याहारीला बसलेली कुटुंबे. याचे समर्थन कुठल्याही इतिहासाने होत नाही. त्यानंतर गाझावर जे कोसळले, त्यात ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत तिथल्या आरोग्य खात्याने ६७ हजारांवर मृत्यू नोंदवले, त्यात हजारो लेकरे. शहरेच्या शहरे सपाट झाली, माणसे उपाशी मेली. याचेही समर्थन ७ ऑक्टोबरने होत नाही. त्याआधी, १९ जुलै २०२४ ला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६७ पासूनचा ताबा बेकायदेशीर ठरवला होता.

तेव्हा मोर्शीच्या त्या काकांना आज मी असे सांगेन. काका, इस्रायलात जन्मलेल्या चौथ्या पिढीला जायला दुसरे घर नाही. तिला कुणी उठवू शकत नाही आणि उठवू नये. पण तिच्या शेजारी दुसऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लागले पाहिजे. निदान १९६७ च्या रेषेपलीकडची जमीन तरी त्याची, आणि ती अजून त्याला मिळालेली नाही. हे देणे इस्रायलचे आहे, कारण ताबा त्याच्याकडे आहे.

सेवाग्रामला गेलात तर कुटीसमोर दोन मिनिटे बसा. गांधीजींचा तो लेख आणि बूबरचे ते पत्र एकापाठोपाठ वाचा, एकटा लेख नको आणि एकटे पत्रही नको. गांधीजींच्या संग्रहित लेखनात त्या पत्राला दिलेले उत्तर सापडत नाही.